फाटक्या खिशाची चैन

ग्रीक लोकांची एक जुनी म्हण आहे: ‘ई फ्तोहिया थेली कालोपेरासी.’ गरिबीला चैन ही हवीच, असा तिचा साधारण आशय. मराठी कानाला ती प्रथमदर्शनी एखाद्या कर्जबुडव्याने स्वतःच्या समर्थनार्थ रचल्यासारखी वाटते, कारण आपल्याकडच्या म्हणी या बाबतीत भलत्याच कडक शिस्तीच्या आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला बाळकडूसारखे पाजलेले असते. आणि एवढे सांगूनही एखाद्या कफल्लकाने थोडा रुबाब केलाच, तर ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ असे म्हणून त्याची टोपी उडवायलाही आपण मागेपुढे पाहत नाही. हात आखडता असेल तेव्हा माणसाने तोंडही पाडूनच बसावे, अशी आपली न बोललेली अपेक्षा असते. ग्रीक माणूस नेमका अशाच वेळी, महिनाअखेरीस खिसा चाचपून झाल्यावर, खांदे उडवत ही म्हण म्हणतो आणि मित्रांबरोबर टॅव्हर्नाची, म्हणजे तिथल्या खाणावळीची, वाट धरतो.

त्याची ही चैन उधारीवरची असेल असे मात्र समजू नये. वोलोस या बंदराच्या गावात तिचे गणित फार चांगले समजते. तुर्कस्तानाबरोबरच्या युद्धात 1922 साली ग्रीसचा पराभव झाला, आणि पुढच्या वर्षीच्या लोझानच्या करारानुसार दोन्ही देशांनी धर्माच्या आधारावर लोकसंख्येची अदलाबदल केली. जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे बारा लाख निर्वासित येऊन पडले. त्यांतल्या काहींची वसाहत वोलोसच्या कडेला उभी राहिली. बंदरावर राबणाऱ्या या माणसांनी दुपारच्या विसाव्याला ‘त्सिपुरो’ घेण्याची जी रीत रुजवली, तिच्यावर ते गाव आजही आपली ओळख सांगते. त्सिपुरो हे मुळातच काटकसरीचे पेय आहे. वाइनसाठी रस काढून घेतल्यावर द्राक्षांचा जो चोथा उरतो, तो आंबवून आणि ऊर्ध्वपातित करून ते काढतात. दुकानात बसल्यावर वाढपी एवढेच विचारतो, की बडीशेपेच्या वासाचे हवे की बिनवासाचे. मग बोटभर बाटली येते आणि तिच्या सोबतीने, न मागवता, एक लहानशी बशी येते: ऑलिव्ह, लोणच्याची मिरची, खारवलेल्या माशाचा तुकडा. दुसऱ्या बाटलीबरोबर दुसरी बशी येते, तिसरीबरोबर तिसरी. आणि चढत्या भाजणीने तळलेल्या मासोळ्या, शिंपल्या, कधी निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपसही टेबलावर हजर होतो. बशा सगळ्या मध्यभागी मांडलेल्या असतात, प्रत्येकाचा काटा त्यांत फिरत असतो, आणि शेवटी ‘रेफेने’ म्हणजे वर्गणीच्या हिशेबाने पैसे भरले जातात. एकटा माणूस तेवढ्याच पैशांत दोन बशा पाहून घरी परततो. चौघे असतील तर त्यांच्यासमोर पंगत मांडली जाते. या चैनीचे भांडवल बरोबरच्या माणसांत असते, आणि तिथे हात आखडता घ्यायचा नसतो.

जेवणाचेही तसेच. ग्रीसचे राष्ट्रीय पक्वान्न म्हणून बरेच जण ज्याच्याकडे बोट दाखवतात, ते ‘फासोलाधा’ म्हणजे पांढऱ्या शेंगबियांचा, टोमॅटो-गाजर घातलेला साधा रस्सा. हिवाळ्यात पावसानंतर डोंगरउतारावरून सुरीने खुडून आणलेल्या रानभाज्या, म्हणजे ‘होर्ता’, नुसत्या उकडतात, त्यांवर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू सढळ हाताने पिळतात, आणि अशी ताटली मासळीच्या शेजारी बरोबरीच्या मानाने बसते. उन्हाळ्यात त्या ताटलीत ‘व्लिता’ असतो, म्हणजे आपला माठच. आणि सॅलडमधली ‘ग्लिस्त्रिदा’ ही आपल्याकडे मुळ्याच्या जुडीशेजारी पडून असलेली घोळाची भाजी. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर माठ मागे जातो आणि पनीर पुढे येते. तिथे पाहुण्यांसमोर व्लिताच ठेवतात, आणि लिंबू कुणी पिळायचे यावर वाद घालतात.

अर्थात प्रत्येक म्हणीची एक हद्द असते, आणि या म्हणीची हद्द अथेन्सने 1941-42 च्या हिवाळ्यात पाहिली आहे. जर्मन-इटालियन ताब्यातला देश, ब्रिटिशांची सागरी नाकेबंदी, लुटून नेलेले धान्य. रस्त्यावर पडलेली प्रेते पालिकेच्या गाड्या उचलून नेत होत्या. तेव्हा कुणी ही म्हण म्हटली असती, तर तिला उत्तर द्यायलाही समोरच्याच्या अंगात त्राण नसते. म्हण गरिबीची आहे, उपासमारीची नव्हे. चुलीवर काहीतरी रटरटत असते, तेवढ्यापुरतेच तिचे राज्य.

आपल्या पिढीने पाहिलेला ग्रीसचा हलाखीचा काळ या दोहोंच्या मधला. 2010 मध्ये देशाला पहिले मोठे बचावकर्ज घ्यावे लागले. 2013 मध्ये बेरोजगारी सत्तावीस टक्क्यांच्या आसपास पोचली आणि तरुणांमध्ये निम्म्याहून अधिक जणांना काम नव्हते. 2015 च्या जूनअखेरीस बँकांना टाळे लागले आणि एटीएमसमोर रांगेत उभे राहणाऱ्याला दिवसाला साठ युरोच काढता येऊ लागले. निवृत्तिवेतनाला कात्री लागलेले म्हातारे तरीही कॉफीच्या दुकानात एकाच कपावर तासन्‌तास बसत आणि सरकारची, युरोपची व एकमेकांच्या जावयांची यथेच्छ उणीदुणी काढत. बाहेरच्यांना हे दृश्य खुपले. युरोगटाचे, म्हणजे युरो चलन वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे, तेव्हाचे डच अध्यक्ष येरून डायसेलब्लूम यांनी मार्च 2017 मध्ये एका जर्मन वृत्तपत्राच्या मुलाखतीत, दारू आणि बायकांवर पैसे उधळायचे आणि मग मदतीसाठी हात पसरायचा हे चालणार नाही, अशा अर्थाचे विधान केले आणि दक्षिण युरोपात एकच गदारोळ झाला. पोर्तुगालच्या पंतप्रधानांनी तर त्यांचा राजीनामाच मागितला. गंमत अशी, की ग्रीक माणूस आपल्या म्हणीतून स्वतःबद्दल जवळजवळ हेच बोलत असतो. फरक एवढाच, की तो ते भरल्या टेबलावर, स्वतःलाच चिमटा काढत, बिलातला आपला वाटा मोजताना बोलतो. कर्ज देणाऱ्याने तीच गोष्ट उच्चारली की ती ताबडतोब ‘अंथरूण पाहून’च्या जातीची होते. आपल्या सगळ्या काटकसरीच्या म्हणींना मला हाच दोष दिसतो: त्या बहुधा ज्याचे अंथरूण लांब असते, तो इतरांना ऐकवत असतो.

या म्हणीला प्रत्यक्ष आचरणात पाहायचे असेल, तर ‘कथारा देफ्तेरा’च्या दिवशी ग्रीसमध्ये असावे. ईस्टरआधीच्या दीर्घ उपवासाचा हा पहिला सोमवार. त्या दिवसापासून मांस, अंडी, दूध, चीज सारे वर्ज्य. आपण उपास सुटतो त्या दिवशी गोडधोड करतो. इथे सण असतो तो उपास धरण्याचा. सार्वजनिक सुटी असते, अथेन्समधली मंडळी फिलोपाप्पूच्या टेकडीवर डबे घेऊन जातात, पतंगांच्या काटाकाटीऐवजी ते उंच कसे जातील याची खटपट करतात, आणि ज्यांच्या अंगात लाल रक्त नाही अशा जलचरांना धर्मशास्त्राने मोकळीक दिलेली असल्यामुळे कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस यांवर मनसोक्त ताव मारतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आणि साबुदाणावड्याबरोबर रताळ्याच्या किसापासून बटाट्याच्या पापडापर्यंत सर्व काही उपासाला चालवून घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी या पळवाटेला हसू नये. या सगळ्याबरोबर लागतो तो ‘लगाना’, म्हणजे वर तीळ लावलेला लांबट, चपटा पाव. बेकऱ्या तो वर्षात या एकाच दिवशी भाजतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी सकाळीच उठवून रांगेत धाडतात. आणि तो परततो तेव्हा कागदात गुंडाळलेल्या पावाचे एक टोक बहुधा गायब असते.