माझा अनुभव: बाल कल्याण समितीसमोरचे 112 दिवस

माझ्या भाचीचं नाव, गाव, शाळा यांतलं काहीही इथे लिहिणार नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही चूक पहिल्याच रात्री होते. कुणीतरी मुलीचा फोटो टाकून ‘देवाकडे प्रार्थना करा’ असं लिहितं. आमच्याकडेही तेच झालं, आणि एकेकाला फोन करून तो फोटो काढायला लावावा लागला.

सांगायचं तर एवढंच: घर उत्तर गोव्यातलं, भाची सहा वर्षांची, वडील रोज गांजा ओढणारे आणि आई, म्हणजे माझी बहीण, हॉटेलात रात्रपाळीला. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मुलगी एकटीच रस्त्यावर दिसली आणि कुणीतरी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. पोलीस आले, वडील आत गाढ झोपलेले, टेबलावर थोडा गांजा. तिथून दोन प्रकरणं सुरू झाली. ती दोन वेगळी आहेत हे समजायला आम्हाला आठवडा गेला.

एक फौजदारी. अमली पदार्थविरोधी कायदा 1985 चा आहे. त्यात गांजा 1 किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरतात आणि 20 किलोंहून जास्त असेल तर व्यापारी प्रमाण. चरसाचे आकडे वेगळे आहेत, 100 ग्रॅम आणि 1 किलो. अल्प प्रमाणात गांजा बाळगला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण घरामागे कुंडीत रोप लावलेलं असेल तर ती लागवड होते आणि तिची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. ‘एकच तर रोप आहे’ म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

दुसरं प्रकरण मुलीचं, ते बाल कल्याण समितीपुढे. आमच्या घरात सगळे त्याला ‘चिल्ड्रन्स कोर्ट’ म्हणत होते. ते चूक. गोवा बालक कायदा 2003 खालचं बाल न्यायालय वेगळं आहे आणि तिथे मुलांविरुद्धचे गुन्हे चालतात. समिती कुणाला शिक्षा करत नाही. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार त्यांना असतात, पण समोर आरोपीचा पिंजरा नसतो. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: या मुलीला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे का, आणि असेल तर ती कुणाकडे राहील?

हे कळल्यावर सगळ्या गोष्टींकडे बघण्याची पद्धत बदलते. घरच्यांची सगळी ताकद ‘तो ओढतच नाही’, ‘माल त्याचा नव्हता’, ‘शेजाऱ्यांनी आकसाने केलं’ हे सिद्ध करण्यात जाते. ते बोलणं फौजदारी वकिलासाठी ठेवावं. समितीला हवं असतं ते असं: रात्री मुलीजवळ शुद्धीवर असलेलं माणूस कोण, सकाळी तिला कोण उठवतं, ती शाळेत किती दिवस गेली, लसी पूर्ण आहेत का. आणि वकिलाचा सल्ला दोन्हीकडे एकच घ्यावा, कारण एका ठिकाणी लिहून दिलेलं दुसऱ्या ठिकाणी येऊ शकतं. वकील परवडत नसेल तर 15100 वर कायदेशीर सेवा प्राधिकरणाला फोन करावा. महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माझ्या बहिणीला असाच मिळाला.

पहिले 24 तास. मुलाला ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे आणावंच लागतं. समिती बसलेली नसेल, रविवार असेल, तर एकट्या सदस्यापुढेही आणता येतं. त्या वेळी जवळचं माणूस हजर असणं फार महत्त्वाचं. हजर नसलं की मूल बालगृहात जातं आणि मग तिथून काढण्याचा अर्ज करत बसावं लागतं. कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय, आणि काळजीची पहिली जबाबदारी कुटुंबाची. पण हे तत्त्व लागू करायला समोर कुटुंब उभं तर हवं.

मी मावशी म्हणून ‘योग्य व्यक्ती’ व्हायला तयार आहे असा अर्ज त्याच दिवशी दिला. कायद्यातला शब्द तोच आहे. समिती पडताळणी करून तशी मान्यता देते आणि चौकशी चालू असेपर्यंत मूल तिच्याकडे ठेवते. आमच्याकडे मागितलेली कागदपत्रं: माझं आणि नवऱ्याचं आधार, रहिवासी दाखला, पगाराचा पुरावा, पोलिसांचा चारित्र्य दाखला, मुलीशी नातं दाखवणारे दोघी बहिणींचे जन्मदाखले, मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचा बोनाफाइड. नातं दाखवणारा कागद बहुतेकांकडे नसतो आणि सगळं तिथेच अडतं. आमच्या आईच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांत फरक होता, त्यामुळे एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. चारित्र्य दाखल्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज केल्याची पावती जोडली आणि दाखला नंतर दिला.

मग सामाजिक तपास अहवाल. समिती तो जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून किंवा सामाजिक कार्यकर्त्याकडून मागवते. चौकशी पंधरा दिवसांत व्हायला हवी आणि अंतिम आदेश पहिल्या दिवसापासून चार महिन्यांत. सगळ्या प्रकरणात सर्वांत वजनदार कागद म्हणजे हा अहवाल. अहवाल करणाऱ्या बाई आधी माझ्या घरी आल्या, मग बहिणीच्या. गांजाबद्दल त्यांनी फार विचारलं नाही. खालचे कप्पे उघडून बघितले, फ्रिज बघितला, मुलीची झोपायची जागा बघितली, दाराची कडी मुलीच्या हाताला पोचते का ते बघितलं. पोचत होती. ती रात्री बाहेर कशी गेली याचं उत्तर तिथेच होतं.

नंतर मुलीला जवळ बसवून विचारलं, “सकाळी तुला कोण उठवतं गं?”

“मीच उठते. आई आली की वेणी घालते. पप्पांना उठवायचं नसतं.”

हे वाक्य अहवालात जसंच्या तसं आलं. मुलाला आधी पढवू नये. सहा वर्षांचं पोर पढवलेलं बोललं की लगेच कळतं आणि मग आईवडिलांच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

त्या भेटीच्या वेळी बहिणीने एक वही दिली. आठवड्याचे सातही दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, कोणत्या तासाला मुलीजवळ कोण. जिथे कुणी नव्हतं ते रकाने तिने रिकामेच ठेवले. मग त्या रकान्यांसाठी तिने हॉटेलात सकाळची पाळी मागितली आणि बदलीचं पत्र जोडलं. पगार थोडा कमी झाला. माझ्या मते अंतिम आदेशात सर्वांत जास्त उपयोग त्या पत्राचा झाला, मूत्रतपासणीच्या अहवालांपेक्षाही जास्त.

तपासणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण गैरसमज सर्वांत जास्त तिथेच आहेत. समितीने ती लादली नव्हती. बहिणीच्या नवऱ्याने आपल्या हमीपत्रात दर पंधरा दिवसांनी तपासणी करून अहवाल देईन असं स्वतः लिहून दिलं. लघवीत गांजा थेट दिसत नाही, शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते दिसतं, आणि ते चरबीत साठून हळूहळू बाहेर पडतं. एखाद्या वेळी ओढणाऱ्याची लघवी तीनेक दिवसांत स्वच्छ होते. रोज ओढणाऱ्याची सोडल्यावरही महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातला पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे तो खोटं बोलतोय असं नाही. हे समितीला डॉक्टरांच्या पत्रातून आधीच कळवावं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

प्राथमिक तपासणीची नेहमीची मर्यादा दर मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम. त्याखाली आलं की ‘निगेटिव्ह’. खात्रीची तपासणी यंत्रावर होते, तिथे मर्यादा साधारण 15. अहवालावर ही मर्यादा छापलेली असावी, आणि क्रिएटिनिनही (लघवी किती पातळ आहे ते यावरून कळतं). तपासणीआधी बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायलं की लघवी पातळ होते आणि क्रिएटिनिन दर डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली जातं. असा निगेटिव्ह अहवाल कुणी धरत नाही, उलट संशय वाढतो. आमचा दुसरा अहवाल असाच वाया गेला. त्याने उष्णतेमुळे पाणी जास्त प्यायल्याचं सांगितलं, ते खरंही असेल, पण तपासणी पुन्हा करावी लागली. मेडिकल स्टोअरमधली घरगुती पट्टी कुणी मान्य करत नाही, कारण नमुना कुणाचा याचा पुरावा नसतो. नमुना रुग्णालयात, ओळखपत्र दाखवून द्यावा. आणखी एक: महाशिवरात्रीची भांग. कायद्याच्या व्याख्येत नुसती पानं गांजात येत नाहीत, पण तपासणीत हा फरक दिसत नाही. त्या काळात भांगही वर्ज्य.

उपचार बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत घेतले. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच घ्यावेत, कारण अमली पदार्थ कायद्याच्या दोन कलमांचा फायदा त्यावर अवलंबून आहे. कलम 64-अ: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. कलम 39: दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याच्या संमतीने, बंधपत्रावर, उपचारांसाठी सोडू शकतं. हे अर्ज फौजदारी वकिलाने करायचे, पण प्रत्येक ओपीडीच्या कागदाची झेरॉक्स समितीच्या फायलीतही लागली पाहिजे.

गांजा सोडल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, पहिल्या आठवड्यात ती सर्वांत जास्त असते, भूक जाते, झोप तर कित्येक आठवडे बिघडलेली राहते. आणि नेमकं याच वेळी घरचे म्हणतात, ‘आता सोडलंय ना, आणा पोरीला घरी.’ असं करू नये. त्या पंधरवड्यात बाप सर्वांत तुटक आणि रागीट असतो. मुलीला मी पाठवलं नाही, त्यावरून बहीण माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. भेटी माझ्या घरी, माझ्यासमोर, रविवारी दोन तास अशा ठरल्या होत्या. चतुर्थीला त्यांच्याच घरी गणपती, आणि मुलीला आरतीला जायचं होतं. त्यासाठी आठ दिवस आधी साध्या कागदावर अर्ज दिला: तारीख, वेळ, सोबत कोण, रात्री परत. परवानगी मिळाली. न विचारता नेलं असतं तर एका दिवसासाठी सगळं प्रकरण मागे गेलं असतं.

हमीपत्रात मोघम लिहू नये. ‘मुलीची नीट काळजी घेईन’ याला काही अर्थ नाही. आम्ही लिहिलं: घरात आणि अंगणात गांजा, चरस, चिलीम, गांजा गुंडाळायचे कागद काहीही ठेवणार नाही, दाराला वर कडी बसवली आहे, आई कामावर असेल त्या वेळी आजी घरी राहील, समुपदेशनाला ठरलेल्या तारखांना जाईन, मुलीला जिल्ह्याबाहेर न्यायचं तर आधी कळवीन. जे पाळता येणार नाही ते लिहूच नये. ‘सिगारेटही ओढणार नाही’ असं तो भावनेच्या भरात लिहायला निघाला होता, वकिलांनी ते वाक्य काढायला लावलं.

लहान मूल असलेल्या घरात गांजा घातलेली बिस्किटं किंवा गोळ्या असतील तर धोका फार मोठा. मुलाने खाल्लं तर गुंगी येते, तोल जातो, श्वास मंदावू शकतो. 108 बोलवावी आणि डॉक्टरला खरं ते सांगावं. पोलिसांच्या भीतीने ‘काय खाल्लं माहीत नाही’ म्हटलं की उपचारांचा वेळ जातो.

अंतिम आदेश 112 व्या दिवशी आला: मुलगी आईवडिलांकडे परत, सहा महिने देखरेखीखाली, महिन्यातून एकदा घरभेट. अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात, त्यामुळे आधीची एक तारीख नुसतीच गेली होती. आदेश मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं; आम्हाला गरज पडली नाही. मुलांना घरीच ठेवण्यासाठी सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेखाली महिना 4000 रुपयांचं प्रायोजकत्व, म्हणजे आर्थिक मदत, आहे, उत्पन्न कमी असलेल्यांनी समितीकडेच विचारावं.

आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती घेतल्या. एक बहिणीकडे, एक माझ्याकडे. शाळेला पूर्ण आदेश दिला नाही, कारण त्यात घरातलं सगळं लिहिलेलं असतं. मुलीला शाळेतून कोण नेऊ शकतं एवढंच पत्र दिलं. आणि तपासणीचे सगळे अहवाल, ओपीडीचे कागद, भेटींच्या तारखा एका फायलीत क्रमाने लावून ठेवल्यात, कारण फौजदारी खटला अजून चालू आहे आणि पुढच्या तारखेला वकिलांना तीच फाइल लागणार आहे.