चार स्पीकर, एक रोलर आणि 'गिफ्ट'

परदेशातून कुणी तुम्हाला जुन्या टेप डेकचा सुटा भाग पाठवणार असेल, तर त्याला आधी हात जोडून सांगा की बाबा रे, खोक्यावर 'गिफ्ट' लिहू नकोस. बाकीचं सगळं नंतर.

माझा डेक टीॲक कंपनीचा, ए-2340, कॅसेटचा नव्हे, मोठ्या स्पूलवरची टेप वाजवणारा. सत्तरच्या दशकातला, चार चॅनेलचा. कोथरूडच्या एका गृहस्थांनी त्या काळी अमेरिकेहून आणलेला. त्यांचं घर रिकामं होत होतं, आणि भंगारात जायच्या आत मी तो उचलला. मला तो हवा होता मामाच्या टेपांसाठी. मामानं सदाशिव पेठेतल्या घरगुती गाण्याच्या बैठकी ग्रुंडिगच्या टेपरेकॉर्डरवर टेप करून ठेवल्या होत्या, पण त्या ऐकायला घरात यंत्रच उरलं नव्हतं. चार चॅनेलचं प्रकरण मला फुकटात पदरात पडलं.

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास विचारत विचारत एक मेकॅनिक काका सापडले. त्यांनी डेकची पाठ उघडली, तर आतला बेल्ट वितळून पुलीला डांबरासारखा चिकटलेला. पिंच रोलर, म्हणजे टेपला कॅपस्टनवर (टेप पुढे ओढणाऱ्या फिरत्या दांडीवर) दाबून धरणारं ते अंगठ्याएवढं रबरी चाक, नखानं दाबलं तरी दबेना. "रबर मेलंय. मोटरी ठणठणीत आहेत, हेडपण फार झिजलेलं नाही. पण ताई, रोलर इथं नाही मिळायचा," काका म्हणाले.

एक गोष्ट आत्ताच सांगते, नाहीतर विसरेन. डेक अमेरिकेचा असेल तर नुसता स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तो 230 व्होल्टचे 117 करतो, पण तिकडची वीज 60 हर्ट्झची आणि आपली 50 हर्ट्झची, ते तो बदलत नाही. कॅपस्टनची मोटर हर्ट्झवर चालते, त्यामुळे टेप सुमारे 17 टक्के हळू फिरते. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते, आणि तानपुरा झोप आल्यासारखा वाजतो. मोटरवरची पुली बदलावी लागते, व्यास सव्वापटीच्या जरा आत, 1.2 पट. ती काकांच्या ओळखीच्या लेथवाल्यानं पितळेची करून दिली, तक्रारीला जागा नाही. बेल्टही काकांनी कुठूनसा जमवला.

राहिला रोलर. तो परदेशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे मिळाला. ते घरीच जुन्या रोलरना नवं रबर चढवतात. पैसे भरले, त्यांनी चटकन पाठवला, पार्सल मुंबईला पोचलंसुद्धा. आणि तिथं बसलं.

त्या भल्या माणसानं माझे पैसे वाचावेत म्हणून खोक्यावर 'गिफ्ट' लिहिलं होतं आणि किंमत दहा डॉलर टाकली होती. मी भरले होते त्याच्या चौपट. आता आपल्याकडे पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला ड्युटी माफ असायची, ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. हे त्या गृहस्थांना ठाऊक असायचं कारण नाही. पण कुरियर कंपनीला तरी पूर्ण ठाऊक असावं ना? पहिल्या फोनवरची मुलगी म्हणाली, गिफ्ट आहे तर नातं काय ते लिहून द्या. दुसऱ्या फोनवरचा मुलगा म्हणाला, गिफ्ट चालतच नाही, बिल द्या. बिल दिलं, तर बिलावरची रक्कम आणि खोक्यावरची रक्कम जुळत नाही म्हणून परत. मग बँकेचं स्टेटमेंट, मग आधार, मग पॅन, मग त्यांना माझ्या वतीनं कागदपत्रं करायचा अधिकार देणारं सहीचं पत्र. त्यांच्या पोर्टलवर एक एमबीच्या वरची फाइल चढत नाही, आणि लहान केली की 'अस्पष्ट' म्हणून नाकारतात.

सगळ्यात डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मी तक्रार नोंदवायची, संध्याकाळी मेसेज यायचा: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' ट्रॅकिंगवर मात्र तीच ओळ, तोच टाइम. पुन्हा फोन केला की नवीन माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून कथा. "मॅडम, हा पार्ट कोणत्या गाडीचा?" "गाडीचा नाही हो, टेपरेकॉर्डरचा." "मग त्याचं सध्याचं मॉडेल सांगा." सध्याचं! वर गोदामाचं भाडं रोज चढतंय, ते माझ्याच नावावर.

सुटलं ते असं. त्या गृहस्थांना मी मेल केला की नवं बिल द्या: खरी किंमत, 'गिफ्ट' शब्द काढून, आणि वर्णनात स्पष्ट लिहा की ऑडिओ टेप डेकचं रबरी चाक, घरगुती वापरासाठी. खाली सही, तारीख. सोबत मी डेकचा आणि रोलरच्या रिकाम्या जागेचा फोटो जोडला, बाण काढून. हे सगळं एकाच पीडीएफमध्ये, पैसे भरल्याचा पुरावा दुसऱ्याच पानावर. पोर्टल सोडून दिलं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवलं. तो पत्ता त्यांच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतो. पार्सल हललं. ड्युटी, त्यांची हाताळणी फी आणि भाडं मिळून रोलरच्या किमतीपेक्षा जास्त झालं. भरलं मुकाट्यानं. पण खोकं हातात आलं तेव्हा लढाई जिंकल्यागत वाटलं, खोटं कशाला बोलू.

रोलर बसवायला काकांना चहा संपेपर्यंतचा वेळ लागला.

मामाच्या टेपा जुन्या पद्धतीच्या मोनो, अर्ध्या पट्टीत एक बाजू आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरी. डेकचं बटण चुकून चार चॅनेलवर राहिलेलं, त्यामुळे डावीकडच्या दोन स्पीकरमधून ख्याल सुलटा आणि उजवीकडच्या दोनमधून मागच्या बाजूचा तबला उलटा! काका पोट धरून हसले. एकच चॅनेल ठेवला आणि मामाचं खोकणंसुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

क्वाड्राफोनिकची, म्हणजे चार स्पीकरमधून चार वेगळे आवाज ऐकायची, खरी मजा अशा टेपांत नाहीच. ती हवी तर चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरलेली टेप लागते: पुढचे दोन स्पीकर, मागचे दोन. पालटून दुसरी बाजू वाजवता येत नाही, म्हणून 1800 फुटांचं सात इंची स्पूल सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगानं 48 मिनिटांत संपतं. रेकॉर्डवर हेच करायला एसक्यू, क्यूएस, सीडी-4 अशा पद्धती निघाल्या, प्रत्येकीला वेगळं यंत्र, आणि त्या भांडणात गिऱ्हाईक कंटाळलं. टेपला ती कटकट नव्हती, ती नुसतीच महाग होती. मी चार माइक लावून घरीच तबला-पेटी भरून पाहिली. मधोमध बसलं की पेटीचा भाता पाठीमागे उघडमिट होतो, मान वळतेच.

डोक्यात राहिलेलं: हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, पुसायला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, पण रबराला ते लावू नका, साबणाचं पाणी पुरे. टेप वाजताना किंचाळली आणि हेडवर तपकिरी चिकट मळ साचला तर लगेच थांबवा; तिचा बाइंडर, म्हणजे चुंबकी थर धरून ठेवणारा गोंद, दमट हवेनं सुटलेला असतो. अशा टेपा 54 अंशांवर सात-आठ तास शेकतात, फळं सुकवायच्या यंत्रात, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नव्हे. पण त्याआधी स्पूल उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर ती ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची, ती शेकायची नाही.

आणि रोलर दोन मागवा. कागदपत्रं तेवढीच लागतात.