कोऱ्या कागदावर अंगठा

टोरोंटोत मी एका पब्लिक लायब्ररीत काम करते. इथे कार्यक्रमाआधी 'लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट' वाचतात, म्हणजे आपण उभे आहोत ती जमीन मूळ कुणाची ते बोलून दाखवायचं. चार वर्षं मी ते लॅमिनेट केलेल्या कार्डावरून धाडधाड वाचत आलेय, पूजेच्या संकल्पात गुरुजी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात ना, अगदी तसं. (आमच्याकडे गोदावरी कुठल्या दिशेला हेही कुणाला धड सांगता येत नाही.)

गेल्या महिन्यात मॅनेजर म्हणाली, कार्ड ठेव बाजूला, यावेळी तू स्वतः लिही, आणि त्यात तुझंही काहीतरी येऊ दे.

मग वाचायला बसले. १७८७ मध्ये ब्रिटिशांनी इथल्या मूळ रहिवासी मिसिसॉगा लोकांकडून ही जमीन 'विकत घेतली', बदल्यात काय तर बंदुकीच्या गारगोट्या, पितळी किटल्या, १२० आरसे, ९६ गॅलन रम असलं सामान. आणि पुढे ते खरेदीखत बघितलं तर चक्क कोरं! जमिनीचं वर्णनच नाही, सरदारांच्या सह्यांच्या खुणा वेगळ्या चिटोऱ्यांवर, त्या खताला चिकटवलेल्या. मग १८०५ मध्ये दहा शिलिंगांत पुन्हा पक्कं करून घेतलं. भरपाई मिळाली थेट २०१० मध्ये, १४.५ कोटी डॉलर. म्हटलं हे तर आपल्या सावकारासारखंच, कोऱ्या कागदावर अंगठा!

आणि तिथेच अडकले. कारण आमच्या घरी लहानपणापासून एकच रडगाणं, कूळ कायद्यात आमची चौदा एकर गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख आजी सुतक असल्यासारखी सांगायची. पण ती जमीन कसत कोण होतं हे कुणी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शेवटी तेच लिहिलं, पाच-सहा ओळींत, आणि घशाला कोरड पडलेली असताना वाचलं. 'होडेनोशोनी'ला (हे इथल्या आणखी एका मूळ रहिवासी समाजाचं नाव) अडखळलेच. नंतर कॉफीच्या टेबलापाशी मिसिसॉगा समाजातल्याच एक आजीबाई आल्या, आधी माझा उच्चार दुरुस्त केला, मग म्हणाल्या, तुमची जमीन कसणाऱ्यांची नावं काय होती?

मला काही सांगताच येईना.

रात्री बाबांना फोन केला. म्हणाले, आता कशाला उकरतेस ते. मग बराच वेळ गप्प.

"धोंडू म्हणायचो आम्ही. आडनाव... आडनाव कधी विचारलं नाही बघ."