देगाच्या न खोडलेल्या रेषा
आज दिवसभर फ्रेंच चित्रकार एदगार देगाची नर्तकींची पेन्सिल-रेखाटनं पाहिली. एकाच हाताच्या दोन-तीन रेषा! चुकलेली रेषा खोडलेली नाही. शेजारी दुसरी ओढली आहे, आणि त्या दोहोंमध्येच हात हलतो. चेहरा जेमतेम, पण भार पेलणारा पाय दाबून, ठाम काढलेला.

शिकताना गफलत इथंच होते: सुरुवात नाक-डोळ्यांपासून होते आणि आकृती कलंडते. भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेषा, त्याच पायाच्या घोट्याजवळ यायला हवा. आधी ती रेषा, मग खांदे आणि कंबर यांचे उलटसुलट उतार. मऊ, गडद ४बी पेन्सिल, एका रेखाटनाला दोन मिनिटं, खोडरबर लांब.

काही रेखाटनांवर चौकोनांची जाळी आहे, आकृती मोठ्या चित्रात उतरवण्यासाठी आखलेली. मला ती फार सुंदर वाटते.