वेटिंग, कन्फर्म आणि दोन इंच माया

"मावशी, रविवारी मी वेटिंगमधून कन्फर्म होणार," भाची म्हणाली आणि स्वतःच खो-खो हसली. नाशिकरोडच्या पोरीला हे सुचायचंच. माझे वडील प्रेसमध्ये होते (आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांचा, पेपरचा नाही), त्यांच्या तोंडी हाच शब्द नोकरीचा असायचा. अमका कन्फर्म झाला, म्हणजे आता त्याला कोणी हात लावत नाही, पेढे आण.

चर्चमध्ये आम्ही कॅथलिक याला दृढीकरण म्हणतो, बाप्तिस्म्यानंतर पवित्र आत्मा मिळावा म्हणून होणारा संस्कार. पोरं मात्र सर्रास 'कन्फर्मेशन'. यंदा भाचीने मला धर्ममाता, म्हणजे विधीत तिच्यासोबत उभी राहणारी, व्हायला सांगितलं. सख्खी आई चालत नाही, नियमच आहे तसा. उभी राहणारी व्यक्ती सोळा वर्षांपुढची हवी आणि तिचं स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं. शिवाय पांढरा फ्रॉकही मीच शिवायचा होता, कारण घरात शिंपीण असताना दुकानातून आणला तर आमची आई आम्हा दोघी बहिणींना उभी चिरेल.

माप घ्यायला ती जेल रोडच्या माझ्या दुकानात आली तेव्हा हातात एक वही होती. पवित्र आत्म्याची सात दानं लिहून आणायची होती. बायबलमधल्या यशयाच्या अकराव्या अध्यायातली: सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचं भय. मी छातीवर टेप लावलेला, आणि ही वाचतेय. "सल्ला नको मला," म्हणाली, "घरात सल्ला देणारे ढीगभर आहेत." पुढच्या वर्षी दहावी. सायन्स की कॉमर्स यावर तिच्या वडिलांचं एक, काकांचं दुसरं. मी म्हटलं, अगं, हा लोकांचा सल्ला नाही. चार जण चार बाजूंनी बोलत असताना आपलं आपल्याला कळणं, ते हे दान. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आणि मला मनापासून नकोच असेल तर? बाप्तिस्म्याला तर मला कोणी विचारलंच नव्हतं."

खरंच नव्हतं विचारलं. ती दोन महिन्यांची होती. सैतानाला नाकारता का, देवावर विश्वास ठेवता का, या प्रश्नांना तिच्या वतीने आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी 'होय' म्हटलं. आता तेच प्रश्न महागुरुस्वामी (म्हणजे बिशप) तिला विचारणार आणि 'होय' तिने म्हणायचं. नको असेल तर थांब, मी म्हटलं, फ्रॉक काय, कधीही घालता येतो. हे ऐकून ताई, तिची आई, माझ्यावर भडकली, हॉल बुक केला होता ना.

त्या हॉलवरून जरा बोलते. केक, स्पीकर, स्टेजवर फुलांची कमान. दृढीकरण झालं की पोरांचं धर्मशिक्षण संपतं आणि पुढच्या रविवारी निम्मी पोरं चर्चमधून गायब, हे आम्ही दरवर्षी बघतो. शाळेच्या सेंड-ऑफसारखं करून टाकलंय आपणच. पोरांना तरी काय बोलू? माझ्या वेळी तरी काय वेगळं होतं? प्रश्नोत्तरं घोकून घेतली, एक उत्तर चुकलं म्हणून रांगेतून बाहेर उभं केलं, आणि नंतर लग्न होईपर्यंत मी नाताळ आणि गुड फ्रायडे सोडून चर्चला फारशी फिरकले नाही.

माझं झालं १९८८ साली. आमचा नाशिक धर्मप्रांत आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, पुण्यातून वेगळा झाला होता. पहिले महागुरुस्वामी थॉमस भालेराव. आडनाव ऐकूनच आजी खूश. आजी संगमनेरकडची, तिच्या लहानपणी या संस्कारात महागुरुस्वामी गालावर हलकी चापट मारायचे, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी ठेव म्हणून. तिने मला महिनाभर त्या चापटीची भीती घातली होती. मी डोळे मिटून, दात आवळून उभी. कपाळाला काहीतरी ओलं लागलं आणि महागुरुस्वामी पुढच्या मुलीकडे गेले. चापट आलीच नाही! पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये विधी नव्याने मांडला त्यातच ती गेली होती, आजीला कोण सांगणार? घरी येऊन तिला सांगितलं तर म्हणाली, "मग झालं तरी काय?"

हा आजीचा प्रश्न मला अजून सोडत नाही. वर्गात मुलांना सांगतात, आता तुम्ही तुमचा विश्वास स्वतः पक्का करणार. मला ते अर्धंच पटतं. चौदाव्या वर्षी कोणाचं काय पक्कं असतं? पक्कं करणारा दुसराच आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात बघा, शोमरोनच्या लोकांचा बाप्तिस्मा झाला होता, तरी यरुशलेमहून येशूचे शिष्य पेत्र आणि योहान मुद्दाम आले, त्यांच्यावर हात ठेवले, तेव्हा त्यांना पवित्र आत्मा मिळाला. त्या लोकांनी कुठली परीक्षा दिली नव्हती. आणि तो पेत्र तरी कोण? येशूला पकडलं त्या रात्री कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी तोच भर गर्दीत उभा राहून बोलला. स्वतःच्या हिमतीवर बोलायचं असतं तर त्या रात्रीच बोलला असता.

म्हणून तर आमच्याकडे महागुरुस्वामी स्वतः येतात, प्रेषितांच्या जागी. नाशिकपासून नगर, जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंतचा पसारा, त्यामुळे तारीख मिळाली की सगळी पोरं एकदम. आणि हा संस्कार आयुष्यात एकदाच. पुन्हा नाही, रद्दही नाही. वडिलांच्या 'कन्फर्म'सारखंच म्हणा, फक्त इथे प्रोबेशनवर काम दाखवावं लागत नाही.

रविवारी उकाडा मरणाचा. पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. रांगेत आमच्या पुढे एक मुलगा, त्याच्या धर्मपित्याचा मोबाइल वाजला आणि बंदच होईना, तो बिचारा घामाघूम. मग आम्ही. धर्ममातेने उजवा हात मुलीच्या खांद्यावर ठेवायचा असतो. माझा हात नेमका मीच घातलेल्या शिवणीवर पडला आणि कापडाखाली ती थरथरत होती हे मला कळलं. एवढी बडबडी पोर! महागुरुस्वामींनी अंगठा तेलात बुडवला. हे साधं तेल नव्हे. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ते अभिषेकासाठी तयार करतात. बाप्तिस्म्यानंतर बाळाच्या डोक्याला हेच, नव्या फादरच्या तळहातांना हेच, नव्या वेदीलाही हेच. तिचं नाव घेऊन कपाळावर क्रूस काढला, पवित्र आत्म्याची मुद्रा घे म्हणाले. तिने 'आमेन' म्हटलं ते मलाच जेमतेम ऐकू आलं. खांदा मात्र एकदम सैल पडला. माझ्या हाताला कळलं ते.

जागेवर येऊन बसली आणि घाम पुसायला हात वर नेला. मी पाय दाबेपर्यंत कपाळ बाहीला पुसून झालं होतं. पांढरी सॅटिन आणि तेल! पुढच्या मिस्साकडे माझं लक्ष नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी ताई फ्रॉक घेऊन आली. मी रात्रभर टाल्कम पावडर थापून ठेवली, सकाळी झटकून कोमट पाण्यात साबण लावून हलक्या हाताने बाही धुतली. बाकी गेलं, पण बाहीच्या कडेला नखाएवढा पिवळट डाग राहिलाच. बाही बदलून देते म्हटलं, कापड उरलंय. भाची स्टुलावर बसून माझ्या खडूने कापडाच्या तुकड्यावर रेघा मारत होती.

"राहू दे गं मावशी. पुढच्या वर्षी मला तो होणारच नाहीये."

"होईल," मी म्हटलं, "दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवलीय आत."