पाणी किती?

बहामाच्या बेटांमध्ये बोट चालवताना नकाशापेक्षा पाण्याच्या रंगावर जास्त भरवसा ठेवावा लागतो. गडद निळं म्हणजे खोल, खुशाल जा. निळसर हिरवं म्हणजे जायला हरकत नाही. पांढरट दिसलं की वाळू वर आलीय असं समजायचं. तपकिरी डाग गवताचा असेल किंवा प्रवाळाचा; गवत असेल तर काही बिघडत नाही, प्रवाळ असेल तर बोटीच्या तळाचं काही खरं नाही. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी हवं, डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा हवा आणि एक जण बोटीच्या पुढच्या टोकाला उभा हवा. हे काम हिवाळाभर माझ्याकडे होतं. ढगाची सावली आणि प्रवाळाचा खडक लांबून अगदी सारखे दिसतात. फरक एवढाच की सावली सरकते. ती सरकेपर्यंत सुकाण्यावरच्या नवऱ्याला हात वर करून थोपवून धरायचं.

ही बेटं चुनखडीची. गाळ वाहून आणणाऱ्या नद्या जवळपास नाहीतच, म्हणून पाणी इतकं नितळ. एग्झुमाच्या बेटांशी नांगर टाकला की १५ फुटांखाली आपलीच साखळी वाळूवर कशी वाकडीतिकडी पसरलीय ते वरून बघत बसता येतं. बेटांच्या पश्चिमेला उथळ पठार आणि पूर्वेला एकदम हजारो फुटांची खोली. दोन बेटांमधल्या फटीतून तिकडे बाहेर पडलं की खोली मोजणारं यंत्र २०, ६०, २०० असं भराभरा चढतं आणि मग पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा दाखवून गप्प बसतं. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही.

विचारपूस सुरू झाली ती परतीच्या वाटेवर.

१ जूनला अटलांटिकातला चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, तो ३० नोव्हेंबरपर्यंत. वादळापेक्षा आधी विमा कंपनीची आठवण येते: अमुक तारखेच्या आत बोट उत्तरेला हवी, नाहीतर नुकसानभरपाई विसरा. आमचं घर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराच्या एका लहानशा खाडीकाठी, म्हणजे घरी जाणं आणि विम्याची अट पाळणं ही दोन्ही कामं एकाच दिशेला. वाटेत गल्फ स्ट्रीम आडवा येतो. समुद्रातली ही नदी फ्लोरिडाच्या काठाने उत्तरेला तीन-चार नॉट वेगाने वाहते आणि आमची बोट जेमतेम सहा नॉटची. वारा दक्षिणेचा असेल तर प्रवाह आपल्याला फुकट पुढे नेतो. उत्तरेचा सुटला तर प्रवाहाविरुद्ध वारा अशी जुंपते आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या येतात, त्यामुळे तेव्हा नांगर उचलायचाच नाही. बेंजामिन फ्रँकलिनने देवमाशांची शिकार करणाऱ्या आपल्या नात्यातल्या एका कप्तानाला विचारून १७६९-७० च्या सुमारास या प्रवाहाचा नकाशा छापून घेतला, कारण टपालाची जहाजं त्याच्याविरुद्ध जाऊन उशीर करत होती. आम्हाला तो सोयीचा होता. रात्री निघालो, दुपारी फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सला पोचलो, आल्याची वर्दी फोनवरच्या ॲपवर दिली आणि आतल्या जलमार्गात शिरलो.

तिथे पाणी तपकिरी. सगळंच.

या जलमार्गाला, म्हणजे 'इंट्राकोस्टल वॉटरवे'ला, सगळे 'आयसीडब्ल्यू' म्हणतात. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडून केलेली ही वाट. मैल मोजतात ते व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून, तिथे शून्य. फोर्ट पिअर्सहून त्या शून्यापर्यंत साडेनऊशेच्या वर मैल होतात. कागदावर या पट्ट्यात १२ फूट पाणी राखायचं आहे आणि ती जबाबदारी अमेरिकी लष्कराच्या इंजिनियरांकडे आहे. वाळूला हे कुणी कळवलेलं नाही. समुद्राची तोंडं जिथे जिथे उघडतात तिथे ती आपल्या मनाने येऊन बसते, मग कधीतरी गाळ काढणारं जहाज येतं, मग ती पुन्हा येते. रंग बघून काही कळायचा मार्ग नाही. उरलं ते सुकाण्याशेजारचं यंत्र, आणि ते ज्याच्यासमोर नसेल त्याने दर दोन मिनिटांनी खालून, वरून, स्वयंपाकाच्या ओट्यापासून विचारायचं: "किती आहे?"

इथे आमच्या घरचं एक जुनं भांडण सांगायला हवं. यंत्र तळाकडे ध्वनी सोडतं आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. पण ते अंतर कुठून धरायचं, ही गोष्ट मालकाच्या हातात असते. नवरा म्हणतो, पाण्याच्या पृष्ठभागापासून धरायचं, म्हणजे खरी खोली कळते आणि नकाशाशी ताडता येते. मी म्हणते, आपल्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचा उभा कणा, पाण्यात ५ फूट जाते, तेव्हा कीलखाली उरलं किती तेवढंच दाखवावं. त्याचे ७ म्हणजे माझे २. त्याच्या ७ मध्ये त्याला भरपूर पाणी दिसतं, माझ्या २ मध्ये मला तळ दिसतो. दोन्ही बरोबरच असल्यामुळे भांडण मिटायची सोय नाही. शेवटी ठरलं, सुकाणू ज्याच्या हातात त्याचा हिशेब. कुणी विसरू नये म्हणून माझ्या पाळीत पडद्याच्या खाली चिकटपट्टीचा तुकडा लावलेला असतो. त्यावर बॉलपेनने 'उरलेलं' लिहिलंय. पाऊस आणि खारा वारा लागून आता त्यातला 'उ' गेलाय.

जॉर्जियात या चिकटपट्टीचा कस लागला. तिथे भरती-ओहोटीत ७ ते ९ फुटांचा फरक पडतो. सकाळी जिथून आरामात गेलो असतो तिथे दुपारी चिखलाचा काठ उघडा पडून त्यावर बगळे फिरत असतात. (बगळा उभा असेल तिथे बोट न्यायची नाही, हा नियम कुठल्याही यंत्रापेक्षा पक्का आहे.) वाटेवरच्या दोन अडचणीच्या जागांची नावं लिटल मड रिव्हर आणि हेल गेट, ज्यांनी ठेवली त्यांनी कुणाला फसवलेलं नाही. पुष्कळ लोक हा पट्टा टाळून बाहेरून समुद्रातून जातात. आम्ही आतूनच गेलो, पण भरती चढत असताना. चढत्या भरतीत बोट टेकली तर तासाभरात पाणीच तिला उचलतं. उतरत्या भरतीत टेकली तर सहा-सात तास तिरक्या बोटीत तिरकं बसून तिरका स्वयंपाक. पुढे असलेलं एक जोडपं तसं बसलेलं दिसलं. दोघं दोन टोकांना, पाठीला पाठ करून. आम्ही हात केला. तिने केला, त्याने नाही.

भरतीचं पाणी खाली जेवढं सोयीचं, तेवढंच वर अडचणीचं. जलमार्गावरचे न उघडणारे पूल साधारण ६५ फूट उंचीचे. आमची डोलकाठी पाण्यापासून ६२ आणि टोकावरची अँटेना वेगळी. पुलाच्या खांबावर उंचीची पट्टी असते. पाणी चढलं की तिच्यावरचा आकडा उतरतो. म्हणजे कीलला हवी भरती आणि डोलकाठीला हवी ओहोटी. तळातून मी ओरडायची, "खाली किती?" आणि नवरा मान मागे टाकून म्हणायचा, "आधी वर बघू दे." पुलाखालून जाताना खालून बघणाऱ्याला डोलकाठी नेहमी पुलाला लागणारच असं वाटतं. गणित माहीत असलं तरी वाटतं.

नॉर्थ कॅरोलिनात अल्बेमार्ल साउंड ओलांडला की दोन वाटा फुटतात. आम्ही डिस्मल स्वॅम्प कालव्याची धरली. २२ मैलांचा हा सरळ कालवा १७९३ मध्ये खोदायला घेतला, १८०५ मध्ये उघडला. दलदलीत कंबरभर पाण्यात उभं राहून तो खोदला गुलामांनी. दोन्ही काठांची झाडी आज इतकी दाट आणि सुंदर आहे की ही गोष्ट मुद्दाम आठवावी लागते. झाडांच्या सालींतला रस उतरून इथलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालंय. खोली सहा फुटांच्या आसपास, म्हणजे माझ्या हिशेबाने एक. मधूनच तळाला बुडालेल्या ओंडक्याला कील ठक्‌ करून लागते. पहिल्या दोन ठोक्यांना आम्ही दोघंही दचकलो, पुढे बोलणं न तोडता तसेच जात राहिलो. आकडाच इतका लहान झाला की विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

मग नॉरफोक, शून्य मैल, आरमाराची करडी जहाजं, त्यांच्यासाठी खोदलेलं खोल पाणी. आणि पुढे चेसापीक. एवढा मोठा उपसागर, पण सरासरी खोली २१ फूटच. आपल्या खाडीत शिरताना सुकाणू माझ्याकडे होतं. नवरा पुढे दोर सोडवत होता. मागून येणाऱ्या एका अनोळखी बोटीने रेडिओवर विचारलं, तोंडाशी पाणी किती आहे? पडद्यावर २ होते. त्यांची कील किती खोल, मला काय माहीत? माझे २ त्यांच्या काही कामाचे नव्हते. मी मनात पाच मिळवले आणि सांगितलं, "सात."

नवऱ्याने ऐकलं. मागे वळून बघितलं आणि काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.