हेरिंगच्या चार बरण्या

परवा चौथी बरणी उघडली. पहिल्या तीन बरण्यांत जे साधत नव्हतं ते या वेळी साधलं, म्हणून विसरायच्या आत सगळं ओळीने लिहून ठेवते. घरी मासळी खारवणारे, लोणचं मुरवणारे जे कोणी असाल त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. फक्त मासा वेगळा आणि मीठ जायची दिशा उलटी. आपण मीठ आत घालतो, इथे आत बसलेलं मीठ बाहेर काढायचं असतं.

हेरिंग हा उत्तर अटलांटिकमधला थव्याने फिरणारा चंदेरी, तेलकट मासा. आपल्या तारलीच्या गोतातला, पण अंगाने मोठा. पोलंड, लिथुआनिया, युक्रेनमधल्या कितीतरी ज्यू वस्त्यांपासून समुद्र लांब होता, पण मिठात दाबून भरलेली हेरिंगची पिंपं तिथवर पोचायची. मासा स्वस्त, टिकाऊ, आणि पर-खवले दोन्ही असल्यामुळे धर्माला चालणारा. उकडलेला बटाटा, कच्चा कांदा आणि हेरिंगचा एक तुकडा एवढ्यावर गरिबाघरचं जेवण व्हायचं. मार्क शगाल हा चित्रकार व्हितेब्स्कचा, म्हणजे आजच्या बेलारूसमधला. त्याचे वडील हेरिंगच्या व्यापाऱ्याकडे पिंपं उचलायला होते. हे कळल्यापासून त्याच्या चित्रांतले मासे मी थांबून बघते.

मराठी माणसाला ज्यू म्हटलं की अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल आठवतात, आपले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. खवले नसलेली मासळी वर्ज्य हा नियम त्यांच्याकडेही तोच, पण त्यांचा स्वयंपाक कोकणातला, नारळाच्या दुधाचा. हेरिंग त्यांचा नव्हे. तो थंड मुलखातल्या अश्केनाझी ज्यूंचा, आणि त्यांच्याबरोबर तो न्यूयॉर्कला आला. गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनच्या सीमेवरच्या मुलखातून आलेले जोएल रस १९०७ च्या सुमाराला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला हातगाडीवर हेरिंग विकू लागले. त्यांचं दुकान १९२० पासून ईस्ट ह्यूस्टन रस्त्यावर आहे, आजही. मी पहिला हेरिंग तिथेच खाल्ला आणि रत्नागिरीची असूनही मासा असा लागू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आंबट, गोड, खारट आणि शेवटी तेलाची गोडी, सगळं एका तुकड्यात.

मी न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहते. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, ओदेसाच्या. त्या मला शिकवताहेत, पण एक अडचण होती. आजी काटेकोर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळतात. माझ्या सुऱ्या, माझी भांडी त्यांना चालत नाहीत. त्यातून कांदा आणि व्हिनेगरसारख्या तिखट-आंबट वस्तूंबाबत नियम जास्तच कडक, कारण असे पदार्थ सुरीची चव ओढून घेतात असं मानतात. म्हणजे माझ्या हातचा तुकडा त्या खाणार नाहीत. पहिल्या तिन्ही बरण्या त्यांनी नुसत्या बघून, हुंगून आणि मी चमच्यावर धरलेल्या तुकड्यावर बोट दाबून पारखल्या. तीनही वेळा त्यांनी काढलेली चूक अचूक होती.

पहिली बरणी, जानेवारी

कोशर दुकानातून चार अख्खे श्माल्ट्झ हेरिंग आणले, मिळून सव्वा किलोच्या आसपास. श्माल्ट्झ म्हणजे यिडिशमध्ये, अश्केनाझी ज्यूंच्या बोलीत, चरबी. अंडी घालायच्या आधी मासा लठ्ठ असतो, तेव्हा धरून मिठात मुरवलेला तो श्माल्ट्झ हेरिंग. ताजा मासा आणून मी हा उद्योग करत नाही आणि तुम्हीही करू नका. हेरिंगमध्ये अॅनिसाकिस नावाची अळी असू शकते आणि ती व्हिनेगरने मरेलच असं नाही. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो. घरच्या फ्रीजरचा मला तेवढा भरवसा वाटत नाही. म्हणून विश्वासाच्या दुकानातला, गोठवून खारवलेला मासाच घ्यायचा, तसं विचारून घ्यायचं.

चार तास पाण्यात ठेवला, साफ केला, कापला, बरणी भरली. तोंडात घालवेना इतका खारट. शिवाय घरातलं तमालपत्र घातलं होतं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या घरातलं, युरोपातलं बे लीफ वेगळ्याच झाडाचं. नाव सरसकट एकच वापरतात, वास मुळीच एक नाही. बरणीला बिर्याणीचा वास येत होता. व्हिनेगरही द्राक्षाचं होतं. आजींनी बाटली बघितल्याबरोबर मान हलवली, कारण द्राक्षापासून केलेल्या वस्तूंना वेगळी देखरेख लागते. साधं पांढरं, ५ टक्क्यांचं व्हिनेगर आण म्हणाल्या. चवीलाही तेच बरोबर आहे, त्याला स्वतःचा वास नाही.

दुसरी बरणी, फेब्रुवारी

रात्रभर आणि वर अर्धा दिवस भिजवला. शेपटीकडचा तुकडा चाखला, खार उतरला होता. मग घाईत व्हिनेगरचं पाणी कोमट असतानाच ओतलं. कडा खडूसारख्या पांढऱ्या पडल्या आणि मासा काट्याने धरला की भुगा व्हायला लागला. ऊन पाण्याने मासा शिजतो, आणि तो शिजायला नको असतो. आंबटपणाने त्याला हळूहळू घट्ट होऊ द्यायचं. हे माझ्या लक्षात आलं. जे आलं नाही ते आजींनी सांगितलं. पाठीकडच्या जाड तुकड्यावर बोट दाबून त्या म्हणाल्या, "हा अजून आत खारट आहे." खाऊन बघितला. होता.

कारण साधं आहे. शेपटी पातळ, तिच्यातलं मीठ लवकर निघून जातं. कण्याजवळचं मांस जाड, तिथलं मीठ निघायला दुप्पट वेळ. शेपटी चाखून पाणी फेकलं की फसलात.

तिसरी बरणी, मार्च

या वेळी धास्तीने छत्तीस तास भिजवला, सहा वेळा पाणी बदललं, तेही आधी काटे काढून, साल सोलून, पट्ट्या करून. मीठ गेलंच, पण त्याबरोबर माशाची चवही गेली. पाणचट, लिबलिबीत, वर नुसता साखर-व्हिनेगरचा मारा. मला तिन्हींत हीच बरणी जास्त जिव्हारी लागली. खारट मासा निदान मासा असतो. हेरिंगमध्ये मीठ शिल्लक राहायलाच हवं, कारण व्हिनेगर आणि साखर उभी राहतात ती त्या मिठाच्या आधाराने. प्रश्न खार उतरवायचा नाही, किती ठेवायचा याचा आहे.

चौथी बरणी, एप्रिल

आजींनीच तोडगा काढला. "माझ्याकडे कर. माझा पाट, माझी सुरी, तुझे हात." बुधवारी संध्याकाळी गेले.

त्यांची पद्धत अशी. मासा अख्खाच भिजवायचा, सालीसकट, डोकं आणि पोटातलं काढून. साल असल्याने मीठ सावकाश आणि सगळीकडून सारखं निघतं. भांडं मोठं, पाणी बर्फासारखं गार, भांडं फ्रीजमध्ये. पाणी तीनदा बदलायचं, कारण तेच पाणी ठेवलं की थोड्या वेळाने बाहेरचं पाणीही खारट होतं आणि आतलं मीठ निघायचं थांबतं. काहीजण शेवटी दुधात भिजवतात. आजी नाही. दूध लागलं की मासा दुभत्यात जमा होतो, मग तो मांसाच्या जेवणात ठेवता येत नाही. नुसता मासा ना मांसात, ना दुभत्यात.

वीस तासांनी त्यांनी एक मासा पाटावर घेतला. सुरीचं टोक डोक्याच्या बाजूने कण्यालगत घातलं आणि नखाएवढी चिंधी काढून माझ्या हातावर ठेवली. थंड, गुलाबीसर, अर्धपारदर्शक. जिभेवर ठेवली तेव्हा आधी मीठ आलं, मग क्षणभर काहीच नाही, मग तेल. "मीठ आधी आलं ना? अजून थोडं. तेल आणि मीठ बरोबर यायला हवं." आणखी तीन तास. पुन्हा चिंधी. या वेळी दोन्ही एकदम आलं. ही खूण मी जन्मभर विसरणार नाही. तास मोजून हे कळत नाही, कारण प्रत्येक पिंपाचा खार वेगळा.

मग सोलणं. डोक्याकडून सालीचं टोक सुटं करायचं आणि शेपटीकडे ओढायचं, कांद्याचा पापुद्रा निघावा तशी साल निघते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या काढायच्या. मोठे काटे उपटायचे, केसासारखे बारीक राहू द्यायचे, ते आंबटात मऊ होतात.

मसाल्याचं पाणी चार माशांना असं: व्हिनेगर ५०० मिली, पाणी २५० मिली, साखर १५० ग्रॅम, मिरे आणि ऑलस्पाइस एकेक चमचा, पिवळी मोहरी अर्धा चमचा, थोडे धणे, बे लीफची तीन पानं. एक उकळी आणायची आणि पूर्ण गार करायचं. वरून मीठ अजिबात नाही. साखर माझ्या जिभेला चालते. लिथुआनियाकडच्या ज्यूंना ती जास्त वाटेल, त्यांचा हात मिऱ्यावर. पोलंड-गॅलिशियाकडे गोडाची आवड. आजी या बाबतीत मधल्या.

आता या बरणीतली खरी शिकवण. चारांपैकी दोन मासे नर निघाले. नराच्या पोटात पांढरी, लोण्यासारखी पिशवी असते, गाबोळीच्या जागी. पहिल्या तिन्ही वेळा मी ती आतड्यांबरोबर फेकली होती. आजी अशा माशाला मिल्खनर म्हणतात आणि दुकानात मुद्दाम मागून घेतात. ती पिशवी त्यांनी माशाबरोबरच भिजवली होती. वरचा पडदा सोलून बारीक चाळणीवर ठेवली आणि चमच्याच्या पाठीने घासायला लावली. खाली जे उतरलं ते दह्याच्या चक्क्यासारखं दिसत होतं. त्यात चमचाभर साखर, मग गार मसाल्याचं पाणी थोडं थोडं. एकदम ओतलं तर फुटतं. घोटत घोटत दाटसर, दुधासारखा रस तयार झाला, थेंबभर दूध न घालता. क्रीम घातलेला हेरिंग दुकानात मिळतो, तो मलाही आवडतो, पण या रसापुढे तो जड वाटतो.

बरणीत एक थर मासा, एक थर कांद्याच्या चकत्या, लिंबाची एखादी फोड, पुन्हा मासा. वरून रस. झाकण लावून बरणी आजींच्याच फ्रीजमध्ये, चार अंशांच्या खाली. पहिल्या दिवशी आंबट वरवर लागतं. दुसऱ्या दिवशी कांदा नरमतो आणि गुलाबी पडतो. चौथ्या दिवशी मुरतो.

चौथा दिवस सोमवार होता. आजींनी काळ्या ब्रेडवर एक तुकडा, दोन चकत्या कांदा ठेवून आधी मला दिला, मग स्वतः घेतला. माझ्या हातचा हेरिंग त्या पहिल्यांदाच खात होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कांदा जरा जाड कापलास." आणि दुसरा तुकडा उचलला.

उरलेली बरणी शनिवारी त्यांच्या सिनेगॉगात जाईल असा बेत होता. शनिवार सकाळच्या प्रार्थनेनंतर किद्दुशला, म्हणजे आशीर्वाद म्हणून होणाऱ्या अल्पोपाहाराला, हेरिंग, त्याबरोबर किखल नावाची साखर लावलेली कुरकुरीत बिस्किटं आणि छोट्या पेल्यात व्हिस्की असते. पण एवढ्या दिवसांत बरणी निम्मी झाली, म्हणून आज पुन्हा चार मासे आणून आजींकडे भिजत घातलेत. दुपारी पोट साफ करताना बघितलं, तीन मिल्खनर निघाले. रात्री साडेनऊला दुसरं पाणी बदललं. कण्याजवळची चिंधी चाखली, अजून मीठच आधी येतंय. सकाळी सहाला पुन्हा जाते.